बहात्तरच्या पुढची माणसं

पुलाच्या अलीकडे, बसथांब्याला लागून, पत्र्याची एक चौकी होती. आत एक टेबल, एक स्टूल, भिंतीवर घड्याळ आणि रस्त्याकडे उघडणारी हातभर खिडकी. त्या खिडकीमागे एकवीस वर्षं एकच माणूस बसला. कागदोपत्री तो वाहतूक नियंत्रक, पण कंडक्टर-ड्रायव्हर मंडळींनी त्याचं नाव ठेवलं होतं रेघकाका. कारण कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली आणि आत माणसं किती होती, हे त्यांनी एकदा वहीत लिहिलं की ती काळ्या दगडावरची रेघ. डेपोत कुणाचं वाजलं की साहेब म्हणायचे, पुलावरची वही आणा, आणि वही आली की आवाज खाली यायचे. रेघकाकांना या नावाचा भारी अभिमान. तो लपवायला जायचे आणि आणखीच दिसायचा. केस कापून झाल्यावर खुर्चीवरून उठतानासुद्धा ते न्हाव्याला "एकोणीस मिनिटं लागली" असं सांगून उठायचे.

आता खरं सांगायचं तर या रेघेत एक खोट होती, आणि ती साऱ्या डेपोला ठाऊक होती. गाडीत बाकं अठ्ठेचाळीस माणसांची, उभं राहायची परवानगी चोवीस जणांना. एकूण बहात्तर. त्याच्यावर एक माणूस घेतला तरी गुन्हा, आणि शिक्षा कंडक्टर-ड्रायव्हरला. गाड्या वाढवणं ज्यांच्या हातात होतं ते साहेबलोक मोकळे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सकाळी सात ते दहा दर तीन मिनिटांनी एक गाडी यायची, ती पलीकडच्या नव्या वसाहतींतून ठासून भरूनच. पुलाआधीचा हा शेवटचा थांबा, पूल ओलांडला की थेट शहर. आत नव्वद-पंच्याण्णव माणसं सहज असायची. बहुतेक सगळी पासवाली, त्यामुळे तिकिटांवरून काही कळायची सोय नव्हती. जे काय कळायचं ते रेघकाकांच्या वहीवरून.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रेघकाकांनी एका गाडीपुढे इमानेइतबारे एक्क्याण्णव लिहिले होते. तपासणी आली, आकडा सापडला, आणि एक चांगला जाडजूड कंडक्टर आणि त्याचा ड्रायव्हर तीन महिने घरी बसले. तीन महिन्यांनी तो कंडक्टर निम्मा होऊन परत आला. खिडकीत कोपर टेकून म्हणाला, "काका, तुम्ही खरं तेच लिहिलंत, माझं काही म्हणणं नाही. फक्त त्या एकोणीस जणांना मी कुठल्या तोंडाने खाली उतरवायचं होतं, तेवढं सांगा." रेघकाकांना त्या दुपारी डबा गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वहीत आकडा बहात्तरच्या वर चढला नाही. कुणी तसं सांगितलं नाही, कुणी का म्हणून विचारलंही नाही. इतर चौक्यांवर आधीपासून हेच चालत होतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? आणि इथले मासे तर सगळे पोराबाळांचे धनी.

रेघकाकांची बायको शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात शिवणखात्यात होती. फाटलेल्या चादरी, पेशंटचे झगे, ऑपरेशनवाल्या डॉक्टरांचे अंगरखे, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. तळघरातली खोली, वर दोन ट्यूबलाइट, सहा मशीन आणि सहा बायका. तिथे तिला सगळ्या मावशी म्हणायच्या. चादर कुठे विरली आहे ते ती डोळे मिटून, नुसता हात फिरवून सांगायची आणि पैजा जिंकायची. शिवणखात्याची मुख्य बाई निवृत्तीला आली होती आणि तिच्यामागे ही, असं ठरल्यातच जमा होतं. नोकरीची आठ वर्षं उरली होती. त्या खोलीत आपलं चालतं, हे सुख तिला घरात कधी मिळालं नव्हतं. घरात चालायचं ते रेघकाकांच्या घड्याळाचं.

अडचण होती ती गुडघ्यांची. दिवसभर मशीनवर बसण्याचं काही नाही, डॉक्टर म्हणाले, तुमचे गुडघे खाते ती बस. सकाळी सव्वा तास उभं, संध्याकाळी सव्वा तास उभं, आणि तेही धड जमिनीवर नाही, दारातल्या पायरीवर. तिची गाडी आठ दहाची. ती थांब्यावर येईपर्यंत आत मुंगी शिरायला जागा नसायची. रेघकाका खिडकीतून मान काढून म्हणायचे, "आणखी एक." तो एक कोण हे कंडक्टरला माहीत असायचं. तो आतल्यांना रेटून पायरीवर वहाणेएवढी जागा करायचा, तिचा दंड धरून वर ओढायचा आणि घंटी मारायचा. गाडी हलली की रेघकाका वहीत लिहायचे, आठ दहा, बहात्तर.

अशात लाइट रेलची बातमी आली. पुलाला लागून रूळ टाकायचे, तीन-तीन डब्यांची छोटी गाडी, दर पाच मिनिटांनी. कुणी म्हणालं हे निवडणुकीचं गाजर आहे, कुणी म्हणालं जागेचे भाव वाढवायची युक्ती आहे. रेघकाकांच्या बायकोने मात्र बोटांवर हिशेब मांडला. तीन वर्षं बांधायला लागतील, तेवढी ती कळ काढणार, आणि मग शेवटची पाच वर्षं खिडकीशी बसून जाणार. मुख्य बाई होणार आणि गुडघे शाबूत ठेवून निवृत्त होणार. ती फार मागणारी बाई नव्हती. आयुष्यात तिने नवऱ्याकडे मागितलं ते एक शिवणयंत्र, तेही जुनं. पण ही गाडी तिला हवी होती, आणि हवी आहे असं ती उघड म्हणायची. संध्याकाळी दोघं फिरायला जायची तेव्हा ती पुलाच्या तोंडाशी थांबायची, स्टेशन इथे होईल की त्या वळणावर, असं विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची की इथेच, वळणावर जिना चढावा लागेल.

गाडी परवडते की नाही हे ठरवायचं काम एका कंपनीला मिळालं होतं. तिथली इंजिनिअर बाई एके दिवशी चौकीत आली. तिशीतली, नम्र, हातात फायलींचा गठ्ठा. तिने सरळ समजावून सांगितलं. गर्दीच्या तासाला पुलावरून एका दिशेने अठराशे माणसं बसने जात असतील तर रूळ टाकण्यात अर्थ आहे. कमी असतील तर आहेत त्या बस पुरे. तीन आठवडे रोज सकाळी प्रत्येक गाडीतली माणसं मोजायची होती, आणि डेपोच्या साहेबांनी एकच नाव सुचवलं होतं. जे दिसेल ते लिहा, ती म्हणाली. ती आली तेव्हा अकरा वाजले होते. समोरून गेलेल्या दोन गाड्यांत एकतीस आणि सव्वीस माणसं होती, ती रेघकाकांनी तिच्या देखत अचूक लिहून दाखवली. बाई खूश होऊन गेली.

ती गेल्यावर रेघकाकांनी तिने ठेवलेला मोजणीचा तक्ता नीट पाहिला. पहिला रकाना वेळेचा, दुसरा गाडीचा, तिसरा कंडक्टर-ड्रायव्हरच्या बिल्ला नंबराचा, चौथा माणसांचा. तिसऱ्या रकान्यावर त्यांची नजर अडकली. बिल्ला नंबर आणि त्याच्या शेजारी चौऱ्याण्णव, असा कागद कंपनीकडून डेपोत गेला तर? तेव्हा एका गाडीची माणसं तीन महिने घरी बसली होती, आता रोज साठ गाड्यांची बसतील. ते रात्रभर काही तळमळले वगैरे नाहीत. एकवीस वर्षांच्या सवयीला विचार करावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी सात वाजता पहिली गाडी आली, दाराला माणसं लोंबकळत होती, आणि रेघकाकांनी लिहिलं, बहात्तर. पुढच्या गाडीला बहात्तर, त्याच्या पुढच्या गाडीला बहात्तर. मनाची समजूत त्यांनी अशी घातली, की गाडी भरून वाहते हे आंधळ्यालाही दिसतं. एवढी शिकलेली बाई, तिला काय सांगायला हवं?

आठ दहाच्या गाडीत बायको चढायची तेव्हाही त्यांनी बहात्तरच लिहिले. तीन आठवडे.

मोजणी संपल्यावर इंजिनिअर बाईचा फोन आला. तिला एकच शंका होती. सगळ्या गाड्यांत बरोबर बहात्तर कसे? तिथे बोलायला जागा होती. रेघकाका म्हणाले, "त्याच्यावर घ्यायची परवानगी नाही." यात खोटं एक अक्षर नव्हतं. बाईने आभार मानले आणि फोन ठेवला.

चार महिन्यांनी अहवाल आला आणि वर्तमानपत्रात त्याचा अर्धं पान सारांश छापून आला. गर्दीच्या तासाला वीस गाड्या, चौदाशे चाळीस माणसं. गाड्या भरतात, पण क्षमतेबाहेर कधीही जात नाहीत. सबब लाइट रेल सध्या समर्थनीय नाही, दहा वर्षांनी पुन्हा विचार व्हावा. त्यातच पुढे कर्मचाऱ्यांच्या शिस्तीबद्दल दोन कौतुकाचे शब्द होते. कुणाला हरकत असल्यास पंचेचाळीस दिवसांत लेखी कळवावी.

रेघकाकांनी पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब केला. गाडीमागे बावीस माणसं जास्त धरली तर वीस गाड्यांची चारशे चाळीस. अठराशे ऐंशी होत होते. म्हणजे लाइट रेल येत होती. त्यांनी पुन्हा केला, पुन्हा तेवढेच आले. तेवढ्यात बायकोने तो कागद मागितला. त्यांनी कडेची पट्टी फाडून खिशात घातली आणि कागद दिला. तिने वाचला, घडी केली आणि म्हणाली, "कुणी मोजलं हो हे? डोळे गहाण टाकले होते का त्याने?" मोजणी आपल्याकडे होती हे रेघकाकांनी घरी सांगितलं नव्हतं. कामाच्या गोष्टी घरी सांगायची त्यांची पद्धत नव्हती, आणि आता ती पद्धत त्यांच्या चांगलीच कामाला आली.

पण माणूस वाईट नव्हता. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही, तेव्हा त्यांनी रजा टाकली आणि कंपनीचं ऑफिस गाठलं. तिसरा मजला, काचेचं दार. इंजिनिअर बाईने उठून खुर्ची दिली, चहा मागवला. रेघकाकांनी आधी कडेकडेने विचारलं, की त्या तक्त्यातले बिल्ला नंबर डेपोला कळवतात का. बाई हसली. तो रकाना नुसता कागद लावून ठेवायला असतो, ती म्हणाली, आम्ही तो बघतसुद्धा नाही आणि कुणाला देतही नाही. म्हणजे भीती होती ती तिथेच संपली. आता तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "काका, सात ठिकाणी मोजणी केली आम्ही. बाकी सगळीकडे खाडाखोड. तुमच्याइतकी स्वच्छ मोजणी कुठेच मिळाली नाही. मी आमच्या नव्या लोकांना तुमचे कागद दाखवते."

रेघकाकांनी चहा प्यायला. कप बशीत नीट ठेवला आणि निघाले. जिन्यावर ते दोनदा थांबले, एकदा तर अर्धा मजला परत चढले. पण तो आकडा खोटा म्हणायचा तर एकवीस वर्षांच्या वह्या खोट्या म्हणायला हव्या होत्या, आणि वह्या खोट्या तर मग रेघकाका म्हणून उरतं काय? माणूस शिव्यांनी जितका अडत नाही तितका कौतुकाने अडतो. ते घरी आले आणि उद्या पत्र लिहू असं मनाशी म्हणाले. उद्याचं परवा झालं. पंचेचाळीस दिवस असे गेले, आणि रोज सकाळी आठ दहाला ते खिडकीतून मान काढून म्हणत राहिले, "आणखी एक."

पुढची तीन वर्षं बायकोने तशीच काढली. आधी एका गुडघ्याला पट्टा आला, मग दोन्हींना. हॉस्पिटलातून निघून थांब्यापर्यंत यायला तिला दहा मिनिटं लागायची, त्याची पंचवीस झाली. मुख्य बाई निवृत्त झाली तेव्हा वरच्यांनी हिला विचारलं, रोज वेळेवर येणं जमेल का. तिने एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी दोन गाड्या तिला न घेता गेल्या, तिसरीत ती चढली खरी पण पुलावर पाय सुटला आणि शेजारच्या माणसाने पदर धरला म्हणून वाचली. त्या दुपारी तिने राजीनामा दिला. मुख्य बाई झाली ती हिच्याच हाताखाली तुरपाई शिकलेली मुलगी. हिने तिला मशीनखालची तेलाची कुपी कुठे असते ते दाखवलं आणि घरी आली.

शेवटच्या दिवशी तिला आणायला रेघकाका शहरात गेले. संध्याकाळच्या गर्दीच्या बसमध्ये ते कित्येक वर्षांत पहिल्यांदाच चढत होते. घर चौकीपासून पाच मिनिटांवर, त्यांना बसची गरजच काय? दोघं दारात उभी राहिली. तिला कुणी जागा दिली नाही आणि तिने मागितली नाही. कुठला दांडा पकडायचा, ब्रेक लागताना कुठल्या पायावर भार द्यायचा, हे सगळं तिला पाठ होतं. रेघकाका दर वळणाला कुणाच्या ना कुणाच्या अंगावर जात होते आणि ती एका हाताने त्यांचा शर्ट धरून त्यांना सावरत होती. त्यांच्या डोळ्यांनी माणसं मोजली, मोजायची नव्हती तरी. शहाण्णव भरली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं. आपण कोण, मोजणी कशी केली, आकडा कुठे थांबवला आणि का, खरं किती असावं, सगळं. सही केली, टाकलं. बैल गेला अन् झोपा केला, हे त्यांनाही कळत होतं. पण कंपनीला आधी कळवलं आणि बायकोला नाही, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. आणखी एक ध्यानात आलं नाही, की आता ती दिवसभर घरी असते आणि टपाल तिच्या हातात पडतं.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. रेघकाका ड्यूटी संपवून घरी आले तेव्हा ती पलंगावर पाय लांब करून बसली होती आणि शेजारी फोडलेलं पाकीट होतं. तुमच्या प्रामाणिक खुलाशाबद्दल आभार, हरकतीची मुदत संपलेली आहे, पुढील मोजणीच्या वेळी या बाबीची नोंद घेतली जाईल. तिने ते दोनदा वाचलं होतं. तिने त्यांना बसायला सांगितलं आणि पहिल्यापासून सांगा म्हणाली.

रेघकाकांनी सांगितलं. जाड्या कंडक्टरचे तीन महिने सांगितले, तिसरा रकाना सांगितला, फोन सांगितला. ते थांबले तेव्हा ती म्हणाली, "बहात्तर लिहिलेत त्याचं मला काही नाही. कुणाच्या पोटावर पाय मीही आणला नसता." रेघकाकांना इतकं हलकं वाटलं की ते उरलेलंही बोलून गेले, ऑफिसात गेलो होतो, नंबर कुणी बघत नाही असं त्या बाईने सांगितलं, हेही.

"कधी गेला होतात?"

"मुदत होती तेव्हाच. आठवड्याभरात."

"म्हणजे भीती काहीच नव्हती. मग बोलला का नाहीत?"

याला उत्तर एकच होतं आणि ते द्यावं लागलं. "तिने माझ्या मोजणीचं कौतुक केलं," रेघकाका म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. रागाची त्यांना सवय होती, चार दिवसांत तो जायचा. "त्यानंतर महिनाभर मी रोज तुमच्या खिडकीसमोरून गेले," ती म्हणाली. "पायरीवर उभी राहून. तुम्ही बघत होतात."

"हो," रेघकाका म्हणाले.

गुडघे शेकायची तिची वेळ झाली होती. आजवर हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं. ते लगबगीने उठले, स्वयंपाकघरात गेले, पातेल्यात पाणी घेतलं, शेगडी पेटवली आणि शेकायचा कपडा शोधू लागले. तो कुठे असतो हे त्यांना माहीत नव्हतं. मागे भिंत धरत धरत ती आली, त्यांच्या हाताखालचा खण उघडून तिने कपडा काढला.

"तू बस, मी आणतो," ते म्हणाले.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझं मी बघते."